शरीराची साक्ष

भीतीविषयीं बोलतांना मराठी माणूस मनाचें नांव क्वचितच घेतो. त्याच्या छातींत धस्स होतें, त्याची दांतखीळ बसते, बोबडी वळते, पायांतलें बळ जातें, अंगावर कांटा उभा राहतो. आणि भयप्रसंग सरून गेल्यावरहि माणूस सावरला नाहीं तर त्यानें 'धसका घेतला' किंवा 'हाय खाल्ली' असें आपण म्हणतों. हे सर्व शब्दप्रयोग शरीराचे आहेत. धसका हा चार दिवसांनीं आपोआप ओसरेलच असें नाहीं, तो अंगांत घर करून राहतो, हें आपल्या आजीबाईंना ठाऊक होतें. त्यांना जें ठाऊक होतें तें वैद्यकशास्त्राच्या न्यायासनापुढें सिद्ध व्हावयास मात्र शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

श्रोतेहो, न्यायासन हा शब्द मी अलंकार म्हणून योजीत नाहीं. हा इतिहास खरोखरच न्यायनिवाड्याच्या जागीं घडला आहे: प्रथम नुकसानभरपाईच्या दाव्यांत, मग पेन्शन ठरविणाऱ्या मंडळापुढें, आणि कांहीं अभागी माणसांच्या बाबतींत कोर्ट मार्शलपुढें. भयानें विकल झालेलें शरीर जी साक्ष देत होतें ती खरी मानावयाची कीं खोटी, हा प्रश्न होता. आणि त्याचा निकाल पुष्कळदां साक्षीवरून नव्हे, तर साक्षीदार कोणत्या दर्जाचा आहे यावरून लागला. आजच्या भाषणांत मला मुख्यतः हीच गोष्ट सांगावयाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडांत आगगाड्यांचें जाळें पसरलें आणि त्याबरोबर आगगाड्यांचे अपघातहि आले. या अपघातांतून कित्येक उतारू अंगावर ओरखडाहि न उठतां बाहेर पडत, आपल्या पायांनीं घरीं जात, आणि मग आठपंधरा दिवसांनीं त्यांची झोंप उडे, हातपाय कांपूं लागत, पाठ धरे, कामांतलें लक्ष सुटे. जॉन एरिक्सन नांवाच्या लंडनच्या शस्त्रवैद्यानें १८६६ सालीं या विषयावरील आपलीं व्याख्यानें प्रसिद्ध केलीं. गाडीच्या धक्क्यानें पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूला डोळ्यांना न दिसणारी इजा होते, असें त्याचें प्रतिपादन होतें. लोक या दुखण्याला 'रेल्वेचा कणा' म्हणूं लागले, आणि ज्यांना कंपन्यांवर दावे लावावयाचे होते त्यांच्या वकिलांना एक भक्कम आधार मिळाला. पुढें १८८३ सालीं हर्बर्ट पेज हा दुसरा शस्त्रवैद्य उलट बाजूनें उभा राहिला. तो एका मोठ्या रेल्वे कंपनीच्या पदरीं होता. त्याचें म्हणणें, कण्याला कांहींएक झालेलें नसतें. केवळ भयानें हीं सर्व लक्षणें उत्पन्न होऊं शकतात. मौज अशी कीं, कंपनीची बाजू घेणाऱ्या या गृहस्थाचें म्हणणें सत्याच्या अधिक जवळचें होतें. परंतु त्यावरून जो अर्थ काढला जाऊं लागला तो असा कीं, इजा भयाची असेल तर ती इजाच नव्हे.

याच काळांत प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स ९ जून १८६५ रोजीं स्टेपलहर्स्ट येथील रेल्वे अपघातांत सांपडला होता. तो स्वतः सुखरूप राहिला. जखमी लोकांना त्यानें पाणी पाजलें, धीर दिला. पुढें मात्र आगगाडींत बसला असतां त्याला एकाएकीं कापरें भरे, असें त्याच्या मुलांनीं सांगितलें आहे. डिकन्सनें कोणावर दावा लावला नाहीं. त्याच्या कांपण्यावर संशय घेण्याचें कोणाला कारणहि पडलें नाहीं.

१९१४ सालच्या ऑगस्टमध्यें महायुद्ध पेटलें आणि हा वाद रेल्वेच्या फलाटावरून खंदकांत गेला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ल तुके या गांवीं एका कॅसिनोच्या इमारतींत इंग्रजांनीं रुग्णालय उघडलें होतें. तेथें केंब्रिजचा मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स काम करीत असतां त्याच्याकडे तीन शिपाई आले. एकजण कांटेरी तारांत अडकून पडला असतां त्याच्या आसपास तोफगोळे फुटले होते. दुसरा खंदक ढासळून मातीखालीं कित्येक तास गाडला गेला होता. तिसरा स्फोटानें विटांच्या ढिगावरून उडून खालीं पडला होता. तिघांच्याहि अंगावर म्हणण्यासारखी जखम नव्हती. परंतु तिघांचीहि दृष्टि अधू झाली होती, वास व चव यांची जाणीव बिघडली होती, आणि स्मृतींत मोठीं भगदाडें पडलीं होतीं. विशेष हें कीं, एवढा प्रचंड आवाज इतक्या जवळ होऊनहि त्यांच्या कानांना जवळजवळ कांहीं झालें नव्हतें. आघात जर निव्वळ स्फोटाचाच असता तर आधीं कान जावयास हवे होते! मायर्सनें त्यांना विश्रांति दिली, संमोहनाचा प्रयोग केला, आणि हरवलेल्या आठवणी थोड्याथोड्या परत येऊं लागल्या. ही हकीकत त्यानें १३ फेब्रुवारी १९१५ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध केली. आणि शिपायांच्या तोंडीं रुळूं लागलेला 'शेल शॉक' हा शब्द त्या लेखाबरोबर वैद्यकाच्या ग्रंथांत शिरला.

प्रथम बहुतेकांना वाटलें कीं, हा मेंदूवरील प्रत्यक्ष आघातच आहे. लंडनचा विकृतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉट यानें मृत शिपायांचे मेंदू तपासले, आणि स्फोटाचा दाब व त्यांतून निघणारा विषारी वायु यांनीं सूक्ष्म इजा होत असावी असें मत मांडलें. तें अगदींच निराधार होतें असें नाहीं; इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांनंतर स्फोटाच्या दाबानें मेंदूवर होणाऱ्या परिणामांचा पुन्हां नव्यानें अभ्यास सुरू झाला. परंतु मायर्सच्या लौकरच ध्यानांत आलें कीं, आपल्याकडे येणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण फुटत्या गोळ्याच्या जवळपासहि नव्हते.

लष्करी कारभाराला असली संदिग्धता परवडत नाहीं. त्यानें शेल शॉकचे दोन वर्ग केले. शत्रूच्या गोळ्याचा प्रत्यक्ष परिणाम असेल तर शिपायाच्या चिठ्ठीवर 'डब्ल्यू' हें अक्षर लिहावयाचें. असा शिपाई जखमी गणला जाई, त्याला बाहीवर जखमेची पट्टी लावण्याचा मान व पेन्शनचा हक्क मिळे. तसें नसेल तर 'एस' हें अक्षर लिहावयाचें. तो नुसता आजारी, त्याला पट्टीहि नाहीं आणि पेन्शनचा हक्कहि नाहीं. दोन माणसें सारखींच थरथरत असावींत, दोघांनाहि रात्रीं झोंप नसावी, आणि एका अक्षरावरून एकाच्या बायकापोरांची सोय व्हावी व दुसऱ्याची होऊं नये, असा हा प्रकार होता. पुढें १९१७ च्या जूनमध्यें आघाडीवरील कागदपत्रांत 'शेल शॉक' हा शब्द लिहिण्यासच मनाई झाली, आणि त्याऐवजीं 'निदान न झालेला, मज्जाविकारी' अशा अर्थाचीं चार अक्षरें आलीं. नांव काढून टाकल्यानें रोग थोडाच थांबतो? युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यांत अशा रुग्णांची संख्या सुमारें ८०,००० झाली होती, असा आंकडा सामान्यतः दिला जातो.

हा संशय केवळ गोऱ्या शिपायांपुरता नव्हता. हिंदी सैन्य १९१४ च्या सप्टेंबरअखेर मार्सेल्स बंदरांत उतरलें आणि ऑक्टोबरांत उन्हाळी कपड्यांनिशीं आघाडीवर गेलें. तेथून परत येणाऱ्या हिंदी जखमींत हाताच्या जखमा फार, हें पाहून अधिकाऱ्यांना शंका आली कीं, हे लोक आपल्याच हातानें आपणांस जखमी करून घेत आहेत. ब्रायटनच्या किचनेर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनीं १९१५ सालीं १,००० जखमा मोजूनमापून तपासल्या आणि या आरोपाला त्यांत आधार सांपडत नाहीं असा अहवाल दिला. त्याच सुमारास आपल्या मराठा पलटणी, १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या, मेसापोटेमियांत पूना डिव्हिजनबरोबर लढत होत्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत त्या कुतच्या वेढ्यांत उपाशी राहिल्या, आणि शरणागतीनंतर जे बंदिवान झाले त्यांना वाळवंटांतून पायीं चालविण्यांत आलें. शेल शॉकवरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथांतून या शिपायांची हकीकत जवळजवळ नाहींच. हाताची जखम तरी मोजतां आली. परंतु सातारा-रत्नागिरीकडील शिपाई घरीं परतल्यावर रात्रीं कां दचकून उठतो, हें त्याच्या घरच्यांखेरीज कोणी पाहिलें असेल? आणि तरीहि या विषयांतला एक इंग्रजी शब्द आपल्या भूमींत जन्मलेला आहे. नाशिकजवळ देवळालीला १८६१ पासून लष्करी छावणी होती. नोकरीची मुदत भरलेले गोरे सोजीर तेथें विलायतच्या जहाजाची वाट पाहत महिनेन् महिने रिकामे पडत. उष्मा, हिंवताप आणि रिकामपण यांनीं त्यांपैकीं कांहींचीं डोकीं फिरत. त्या अवस्थेला ते 'डुलाली टॅप' म्हणूं लागले. त्यांतली 'डुलाली' म्हणजे देवळाली, आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप!

आतां कोर्ट मार्शलपुढें काय घडे तें पहा. हॅरी फार हा ब्रिटिश सैन्यांतील एक साधा शिपाई. १९१५ सालीं शेल शॉकमुळें तो पांच महिने रुग्णालयांत होता. हात इतके थरथरत कीं, बायकोला पाठवावयाचीं पत्रें परिचारिकेनें लिहून द्यावींत. बरा झाला म्हणून त्याला पुन्हां आघाडीवर पाठविलें. १९१६ च्या सप्टेंबरांत सॉमच्या लढाईंत, आपल्याला हें आतां सहन होत नाहीं असें सांगून त्यानें पुढें जाण्याचें नाकारलें. त्याचा खटला अर्ध्या तासाच्या आंत आटोपला. त्याला वकील नव्हता. ज्या डॉक्टरनें त्याला पूर्वीं तपासलें होतें तो स्वतःच जखमी होऊन दूर गेला होता. ऑक्टोबर १९१६ मध्यें एके पहांटे त्याला गोळ्या घालण्यांत आल्या. त्याचें वय तेव्हां २५ वर्षांचें होतें. विधवेचें पेन्शन बंद झालें. पळपुटेपणा, भ्याडपणा इत्यादि आरोपांखालीं मारल्या गेलेल्या ज्या ३०६ शिपायांना ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून माफी दिली, त्यांत हें एक नांव आहे. माफीचें साल २००६. बाप मेला तेव्हां लहान असलेली त्याची मुलगी तोंपर्यंत नव्वदी ओलांडून गेली होती.

सर्वच शिपायांच्या वांट्याला बंदूक आली नाहीं. पुष्कळांच्या वांट्याला उपचार आले. परंतु उपचारांतहि दर्जाचा भेद होता, आणि त्याहून आश्चर्य असें कीं, रोगाच्या लक्षणांतहि होता. साध्या शिपायांची वाचा जाई, पाय लुळे पडत, हाताची मूठ उघडेना, कंबर वांकून धनुष्यासारखी होई. अंमलदारांना यापैकीं फारसें होत नसे. त्यांना भयंकर स्वप्नें पडत, चित्त सैरभैर होई, छाती धडधडे. याचें एक उत्तर पुढें डॉ. रिव्हर्स यांनीं दिलें. शिपायाला शिकवणच अशी कीं, हुकूम ऐकावयाचा, उलट बोलावयाचें नाहीं. जी तक्रार त्याच्या तोंडांतून बाहेर पडूं शकत नव्हती ती जीभच बंद पाडून गेली. अंमलदाराला मुकें होण्याची सोय नव्हती, कारण हुकूम द्यावयाचे ते त्यालाच. दर्जाप्रमाणें सोसण्याची रीतहि बदलावी, ही कल्पना मला या सर्व इतिहासांत अत्यंत विचार करण्यासारखी वाटते.

लंडनमधील क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयांत लुइस यीलंड हा कॅनडाहून आलेला तरुण डॉक्टर अशा शिपायांवर विजेचा प्रयोग करी. १९१८ सालीं छापलेल्या आपल्या पुस्तकांत त्यानें स्वतःच एका रुग्णाची कथा अभिमानानें दिली आहे. चोवीस वर्षांचा शिपाई, मॉन्सपासून लूपर्यंतच्या बहुतेक मोठ्या लढाया लढलेला, पुढें सलोनिका येथें कोसळला तो नऊ महिने मुका. यीलंडनें त्याला अंधाऱ्या खोलींत नेलें, दाराला कुलूप लावलें, आणि पूर्वींसारखें बोलूं लागल्याशिवाय तूं येथून बाहेर पडणार नाहींस असें बजावलें. मग घशाच्या मागच्या भागाला विजेचा स्पर्श. पहिल्या झटक्यानें तो इतक्या जोरानें मागें उसळला कीं, यंत्राच्या तारा तुटल्या. असें चार तास चाललें. प्रथम कुजबुज, मग तोतरे स्वर, हाताला कंप, तो थांबवावा तर पायाला कंप. जणूं कांहीं हांकलून दिलेलें भय शरीरांत एका खोलींतून दुसऱ्या खोलींत पळत होतें. शेवटीं तो बोलला, आणि त्याच्याकडून डॉक्टरचे आभारहि वदवून घेण्यांत आले. यीलंडला आपण क्रूर आहोंत असें मुळींच वाटत नव्हतें. त्याच्या दृष्टीनें रोग बरा झाला होता. आणि नऊ महिने मुका असलेला माणूस बोलूं लागला ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. परंतु नऊ महिने त्याला काय सांगावयाचें होतें, हें त्या चार तासांत कोणी विचारल्याचें त्या कथेंत नाहीं.

याच काळांत एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथें, पूर्वीं जलोपचारासाठीं बांधलेल्या एका भव्य इमारतींत, फक्त अंमलदारांसाठीं रुग्णालय उघडलें होतें. तेथील डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा विलक्षण मनुष्य होता. आपल्या निलगिरींतील तोडा लोकांमध्यें राहून त्यानें त्यांच्याविषयीं १९०६ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्याच्याहि आधीं, १९०३ सालीं, हेन्री हेड या मित्रानें स्वतःच्या हाताचा मज्जातंतु कापवून घेतला, आणि कातडीची संवेदना कसकशी परत येते हें रिव्हर्स त्याच्या हातावर चार वर्षें टिपत बसला. दुसऱ्याच्या वेदनेची नोंद धीरानें घेणें ही त्याची जन्मजात वृत्ति होती. क्रेगलॉकहार्टला येणाऱ्या बहुतेक अंमलदारांना पूर्वींच्या डॉक्टरांनीं एकच उपदेश केलेला असे: जें घडलें तें विसरा, सुंदर गोष्टींचा विचार करा. रिव्हर्सनें नेमकें उलट सांगितलें. दिवसां जें दडपून ठेवतां तेंच रात्रीं उसळून येतें. तेव्हां दिवसां त्याच्याकडे थोडें थोडें पहा, आणि कोणाजवळ तरी बोला.

डिसेंबर १९१७ मध्यें त्यानें वाचलेल्या एका निबंधांत दोन रुग्णांच्या हकीकती आहेत. एका अंमलदाराला आपल्या मित्राचें छिन्नविच्छिन्न झालेलें प्रेत सांपडलें होतें. स्वप्नांत तोच देह रोज त्याच्याकडे सरकत येई. रिव्हर्सनें त्याला हळूच एक गोष्ट दाखवून दिली कीं, ज्या अर्थीं देहाची अशी दशा झाली होती त्या अर्थीं मित्राला मरण क्षणांत आलें असलें पाहिजे, त्याला यातना झाल्या नसतील. त्या माणसाचा चेहरा उजळला. पुढें त्याला पुन्हां स्वप्न पडलें, परंतु त्यांत तो मित्राजवळ बसून युद्धांतल्या गोष्टी बोलत होता. दुसऱ्याची हकीकत निराळी. स्फोटानें तो उडाला तो एका कुजलेल्या प्रेतावर तोंडघशीं पडला, आणि ती चव व तो वास त्याला सोडीना. या आठवणींत सांत्वनाचा एकहि धागा रिव्हर्सला सांपडला नाहीं. त्यानें तसें प्रांजळपणें लिहिलें, आणि त्या अंमलदाराला सैन्य सोडून पूर्वीं जेथें बरें वाटलें होतें त्या खेडेगांवीं राहण्यास सांगितलें. अपयशाची ही नोंद मला त्या यशाच्या नोंदीइतकीच मोलाची वाटते.

सीगफ्रीड ससून व विल्फ्रेड ओवेन हे दोन कवि १९१७ च्या उन्हाळ्यांत याच इमारतींत होते. ओवेनचे डॉक्टर आर्थर ब्रॉक यांचा भर बोलण्यापेक्षां कामावर होता. दुभंगलेल्या माणसाचा भोंवतालच्या जगाशीं तुटलेला संबंध हातांनीं काम करूनच जुळतो असें त्यांचें मत, आणि म्हणून त्यांनीं ओवेनला रुग्णालयाच्या मासिकाचें संपादन करावयास लावलें. दोघेहि कवि सावरले आणि दोघेहि पुन्हां युद्धावर गेले. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं, म्हणजे तहकुबीच्या अवघे सात दिवस आधीं, मारला गेला. माणसाला बरें करावयाचें तें पुन्हां त्याच तोफांपुढें उभें करण्यासाठीं, हा पेंच रिव्हर्सला स्वतःलाहि छळत होता.

साध्या शिपायांना मायेची वागणूक कोठेंच मिळाली नाहीं असें मात्र समजूं नये. डेव्हन परगण्यांत सील हेन या शेतकी कॉलेजांत आर्थर हर्स्ट यानें १९१८ सालीं शेंकडों शिपायांवर उपचार केले, आणि त्यांचा एक मूकपट काढला, तो अजून पाहावयास मिळतो. कंबरेंत वांकलेला, घोट्यांवर डुगडुगत चालणारा, नुसता शब्द ऐकून पलंगाखालीं दडणारा असे एकेक शिपाई त्यांत दिसतात. मग तेच कोंबड्यांना दाणे घालतांना, टोपल्या विणतांना, नांगर धरतांना दिसतात. त्यांतील कांहीं 'आधींचीं' दृश्यें मागाहून वठवून घेतलीं असावींत, असें इतिहाससंशोधकांना वाटतें. तरी त्या वांकलेल्या देहांकडे पाहून माणूस अस्वस्थ झाल्याशिवाय राहत नाहीं.

शरीरांत प्रत्यक्ष काय घडतें हें कळूं लागलें तें रणांगणापासून दूर, प्रयोगशाळेंत. मायर्सचा लेख छापला गेला त्याच १९१५ सालीं हार्वर्डचा वॉल्टर कॅनन याचा भय, क्रोध, भूक व वेदना यांनीं शरीरांत होणाऱ्या फरकांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडावरच्या लहानशा ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तांत उतरतें, हृदय जोरानें चालतें, पोटांतलें रक्त स्नायूंकडे वळतें, रक्तांत साखर वाढते. ही सर्व तयारी लढण्याची किंवा पळण्याची. आतां खंदकांतला शिपाई पहा. तोफखान्याचा मारा चालू असतां त्याला लढतांहि येत नाहीं आणि पळतांहि येत नाहीं. सगळी तयारी अंगांत घेऊन त्यानें तासन् तास चिखलांत बसून राहावयाचें. रिव्हर्सनेंहि नोंदविलें आहे कीं, विमान चालविणाऱ्यांपेक्षां, दोरानें बांधलेल्या फुग्यांत बसून टेहळणी करणारे अधिक लौकर खचत. धोका दोघांनाहि होता; हातपाय हलविण्याची मुभा एकालाच.

दुसरा पुरावा पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचा. १९२४ च्या सप्टेंबरांत लेनिनग्राडला महापूर आला, प्रयोगशाळेंत पाणी शिरलें, आणि पिंजऱ्यांतील कुत्रीं छताशीं नाक लावून कशींबशीं तग धरून राहिलीं. त्यांना वांचविण्यांत आलें, परंतु कांहींच्या अंगीं बाणलेल्या संवयी पार पुसून गेल्या. महिन्यांनंतर, सर्व सुरळीत झाल्यावर, पाव्हलॉव्हनें दाराखालून पाण्याची एक बारीक धार आंत सोडली. आणि त्या धारेसरशीं एक कुत्रें पुन्हां पहिल्यासारखें विस्कटलें. त्याला पेन्शन नको होतें, पट्टी नको होती. तें ढोंग करतें असें कोण म्हणणार? एब्रॅम कार्डिनर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरनें पहिल्या महायुद्धांतून परतलेले शिपाई वर्षानुवर्षें तपासून १९४१ सालीं ग्रंथ लिहिला, त्यांतहि हेंच आढळतें: युद्ध संपून कैक वर्षें लोटलीं तरी यांचें शरीर अद्याप पहाऱ्यावर आहे, बारीकशा आवाजानें तें दचकतें. हा विकार जितका मनाचा तितकाच शरीराचा आहे, असें त्यानें स्पष्ट म्हटलें.

इतकें सर्व लिहिलें गेलें होतें, परंतु युद्ध थांबलें कीं लोक विसरत. १९२२ सालीं ब्रिटिश सरकारनें नेमलेल्या समितीनें शेल शॉक हा शब्दच टाकून द्यावा अशी शिफारस केली. चांगलें शिक्षण, चांगली शिस्त असली म्हणजे असें होत नाहीं, असा तिचा एकंदर सूर होता. मायर्सनें या समितीपुढें साक्ष देण्याचें नाकारलें. त्या आठवणी त्याला नकोशा झाल्या होत्या. त्यानें आपला वृत्तांत प्रसिद्ध केला तो १९४० सालीं, दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर. अमेरिकेंत व्हिएटनामहून परतलेल्या शिपायांनीं आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या वतीनें झगडणाऱ्यांनीं नेट धरला, तेव्हां कोठें १९८० सालीं तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें आघातोत्तर तणावाच्या विकाराला आपल्या अधिकृत यादींत जागा दिली. युद्धाबाहेरचा आघातहि आघातच, ही गोष्ट यामुळें कागदावर आली.

त्यानंतरच्या शोधांपैकीं एकाचाच उल्लेख करतों. १९९६ सालीं बॉस्टनमध्यें आठ रुग्णांना त्यांच्याच दुर्घटनेचें वर्णन ऐकवून त्या वेळीं त्यांचे मेंदू यंत्रानें पाहण्यांत आले. भयाशीं संबंध असणारे भाग उजव्या बाजूला पेटून उठले, आणि डाव्या बाजूचा, शब्द जुळविणारा भाग मंदावला. आठ माणसांवरून सिद्धांत बांधूं नये, हें खरें. परंतु क्वीन स्क्वेअरच्या त्या मुक्या शिपायाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आज जे उपचार परीक्षेला उतरले आहेत त्यांत एड्ना फोआ यांची पद्धति प्रमुख आहे. रुग्ण जाणत्या माणसाच्या सोबतीनें, आपल्याला झेपेल त्या गतीनें, टाळलेली आठवण पुन्हां पुन्हां सांगतो, आणि टाळलेल्या जागीं पाऊल टाकतो. रिव्हर्सचीच वाट, परंतु मोजून आंखलेली. १९८९ सालीं फ्रान्सिन शपीरो यांनीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत आठवण मनांत धरून डोळे डावीकडून उजवीकडे फिरवावयाचे असतात. तिनें गुण येतो हें जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१३ सालीं मान्य केलें; तो डोळे फिरविल्यानें येतो कीं आठवणीला सुरक्षित ठिकाणीं सामोरें गेल्यानें, याविषयीं तज्ज्ञांचें एकमत नाहीं. उलट, दुर्घटनेनंतर लगेच एकदां सर्वांना बसवून झालेलें सर्व बोलून घेण्याची जी रीत मध्यंतरीं बोकाळली होती, ती निरुपयोगी ठरली आहे. कांहींना तर तिनें अपायच झाला. बोलण्यानें बरें वाटतें, बोलावयास लावल्यानें नव्हे.

आणखी एका भ्रमाविषयीं सावध करतों. स्नायूंत आठवणी गांठीसारख्या बांधलेल्या असतात व त्या रगडून मोकळ्या करतां येतात, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. तें शब्दशः घेऊं नये. आठवण मेंदूंतच असते. परंतु मेंदू हृदयाला, श्वासाला, आंतड्यांना, पाठीच्या स्नायूंना सतत हुकूम देत असतो, आणि भयाचा हुकूम मागें घ्यावयास तो विसरतो. श्वासाची गंमत अशी कीं, तो आपोआपहि चालतो आणि आपल्या इच्छेनेंहि चालवितां येतो. श्वास सावकाश सोडला असतां हृदयाची गति उतरते. म्हणून बॉस्टनच्या बेसेल व्हॅन डर कोल्क यांनीं योगासनांकडे लक्ष वळविलें. त्यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जुना आघात सोसलेल्या व इतर उपचारांनीं न सावरलेल्या ६४ स्त्रिया होत्या. निम्म्यांना दहा आठवडे योगवर्ग, निम्म्यांना आरोग्यविषयक वर्ग. शेवटीं योगवर्गांतील ५२ टक्के स्त्रिया विकाराच्या व्याख्येबाहेर गेल्या होत्या, दुसऱ्या गटांतील २१ टक्के. प्रयोग लहान आहे. त्यावरून योग हें या रोगावरचें औषध असें जाहीर करण्याची घाई आपण करूं नये. मात्र त्या वर्गांत शिकविण्याची रीत लक्षांत घेण्यासारखी होती. शिक्षिका कोणाच्या अंगाला हात लावून आसन सुधारीत नसे. हुकूम देत नसे. हात उचलावासा वाटला तर उचला, नको वाटला तर राहूं द्या, डोळे मिटा किंवा उघडे ठेवा, अशा भाषेंत ती बोले, आणि मध्येंच कोणी आसन सोडून स्वस्थ बसली तर तिला तसें बसूं देई.